एलिझाबेथ वेल्च : ब्रिटिश कॅबरे-गायिका आणि अभिनेत्री – जीवन व कारकीर्द

प्रास्ताविक

‘कॅबरे’ हा शब्द मराठी वाचकाला प्रामुख्याने हिंदी चित्रपटांतून परिचित झाला. १९६० व १९७० च्या दशकांतील चित्रपटांत खलनायकाचा अड्डा, मद्याचे पेले आणि झगमगत्या वेशातील नर्तिका हे दृश्य इतके रूढ झाले की, कॅबरे म्हणजे उत्तान नृत्य असेच समीकरण मनात पक्के झाले. युरोपातील कॅबरेचा इतिहास मात्र वेगळा आहे. १८८१ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागात ‘ल शा न्वार’ नावाची जागा सुरू झाली. तेथे कवी, चित्रकार व गायक एकत्र जमत, खाण्यापिण्याबरोबर कविता व गीते सादर करीत. पुढे या प्रकाराच्या अनेक शाखा झाल्या. त्यांपैकी एका शाखेत नृत्याला नव्हे, तर गाण्यातील शब्दाला मध्यवर्ती स्थान मिळाले. लहानसे दालन, मोजकी टेबले, एक पियानो आणि श्रोत्यांपासून हाताच्या अंतरावर उभी असलेली गायिका एवढाच या शाखेचा पसारा. नाट्यगृहातील मोठा आवाज येथे चालत नाही. ओळीतील एखादा शब्द कोठे थांबवावा, कोणता शब्द जवळजवळ बोलल्यासारखा सोडून द्यावा, यावर सारे अवलंबून असते. संगीत नाटकातील पद रंगमंचावर ऐकणे आणि तेच पद नंतर खासगी बैठकीत ऐकणे यांतील फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. ब्रॉडवे वा लंडनच्या नाटकांतील गाणीही अशीच नाटकातून सुटून कॅबरेत येत आणि तेथे त्यांना दुसरे आयुष्य लाभे.

या कलाप्रकारात ज्या गायिकांनी ब्रिटनमध्ये दीर्घकाळ काम केले, त्यांत एलिझाबेथ वेल्च (१९०४–२००३) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्या जन्माने अमेरिकन होत्या. तथापि १९३३ पासून मृत्यूपर्यंतची सत्तर वर्षे त्यांचे वास्तव्य प्रामुख्याने लंडनमध्ये होते आणि ब्रिटिश संगीतिका, रिव्ह्यू, आकाशवाणी, चित्रपट व दूरचित्रवाणी या सर्व माध्यमांत त्या वावरल्या. असे असूनही त्यांच्या वाट्याला नायिकेची भूमिका क्वचितच आली. बहुतेक नाटकांत त्यांना एखादा प्रवेश आणि एक वा दोन गाणी मिळत. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा व कारकिर्दीचा परिचय करून देताना, या ‘एका प्रवेशा’मागील कारणांचाही शोध घेतला आहे.

सॅन वॉन हिलमधील बालपण

वेल्च यांचा जन्म फेब्रुवारी १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. वडिलांच्या वंशात आफ्रिकी-अमेरिकन व अमेरिकेतील मूळ रहिवासी अशा दोन्ही धारा होत्या. आईचे मूळ स्कॉटलंडमधील, एडिंबरोजवळच्या लीथ या बंदराचे. कुटुंब मॅनहॅटनच्या पश्चिमेकडील ‘सॅन वॉन हिल’ या वस्तीत राहत असे. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची राजधानी होण्यापूर्वी न्यूयॉर्कमधील त्यांची एक मोठी वस्ती हीच होती. वेस्ट इंडीजमधून आलेले, अमेरिकेच्या दक्षिणेकडून स्थलांतरित झालेले आणि आयरिश अशी अनेक कुटुंबे तेथे शेजारीपाजारी नांदत व अधूनमधून भांडतही. आज ही वस्ती अस्तित्वात नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती पाडण्यास आरंभ झाला आणि त्या जागेवर ‘लिंकन सेंटर’ हे भव्य कलासंकुल उभे राहिले. ज्या गल्ल्यांतून एका नव्या संगीताचा जन्म झाला, त्याच पाडून संगीतासाठी वास्तू उभारली गेली, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

‘नव्या संगीताचा जन्म’ हे शब्द अतिशयोक्तीचे नाहीत. याच वस्तीतील ‘जंगल्स कसिनो’ या नृत्यशाळेत जेम्स पी. जॉन्सन हे पियानोवादक वाजवीत असत. तेथे दक्षिण कॅरोलायनातून आलेले गोदीकामगार व त्यांच्या स्त्रिया आपल्या गावाकडच्या पद्धतीने नाचत. त्या पावलांच्या तालावर जॉन्सन यांनी काही धुना बांधल्या. त्यांपैकी एक धून ‘चार्ल्सटन’ या नावाने पुढे जगभर पसरली. वेल्च मात्र त्या काळात सेंट सिप्रियन्स या चर्चच्या गायकवृंदात गात होत्या. वडील कडक धर्मनिष्ठ होते. नाटक-तमाशाच्या जगाविषयी त्यांना तिटकारा होता. मुलगी रंगमंचावर गेल्याचे कळताच ते घर सोडून निघून गेले. रंगभूमीवर पाऊल ठेवणाऱ्या स्त्रीच्या कुटुंबाला द्यावी लागणारी ही किंमत मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला अपरिचित नाही.

१९२३ मध्ये ‘रनिन वाइल्ड’ ही कृष्णवर्णीय कलावंतांची संगीतिका न्यूयॉर्कला रंगमंचावर आली. तीत ‘चार्ल्सटन’ हे गाणे प्रथम सादर करण्याचा मान वेल्च यांना मिळाला. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. गाणे संपताच नर्तकवृंद त्याच धुनेवर नाचू लागे आणि प्रेक्षकांच्या स्मरणात राही तो नाच. त्यामुळे ‘चार्ल्सटन’ जगभर गाजले, तरी ते पहिल्यांदा कोणी गायिले हा प्रश्न कित्येक वर्षे कोणी विचारला नाही.

यानंतर ‘चॉकलेट डँडीज’ (१९२४) आणि ल्यू लेस्ली यांचा ‘ब्लॅकबर्ड्‌स ऑफ १९२८’ हा रिव्ह्यू अशी त्यांची वाटचाल झाली. ‘ब्लॅकबर्ड्‌स’ १९२९ मध्ये पॅरिसच्या ‘मूलँ रूझ’मध्ये गेला आणि त्याबरोबर वेल्चही अटलांटिक ओलांडून गेल्या. ल्यूक स्मिथ या वादकाशी १९२८ मध्ये झालेला त्यांचा विवाह अल्पकाळच टिकला. पुढे त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

पॅरिस आणि ‘लव्ह फॉर सेल’चे प्रकरण

दोन महायुद्धांच्या दरम्यानचे पॅरिस हे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांचे जणू दुसरे घर झाले होते. जोसेफिन बेकर यांची तेथील ख्याती सर्वश्रुत आहे. तथापि बेकर यांचे यश हे देहाच्या, नृत्याच्या व ‘आदिम’ मानल्या गेलेल्या आकर्षणाच्या बळावर उभे होते, निदान प्रेक्षकांनी ते तसे पाहिले. वेल्च यांनी वेगळा मार्ग धरला. लांब, साधा पोशाख करून, फारसे हातवारे न करता, त्या पॅरिसच्या कॅबरेंतून उभ्याने गात. येथेच त्यांचा आवाज व त्यांची शैली घडली, असे म्हणता येईल. आवाज मध्यम व खालच्या सप्तकात रमणारा, किंचित मखमली आणि शब्दोच्चार इतका स्वच्छ की एकही अक्षर वाया जाऊ नये.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांच्या आयुष्यात जो प्रसंग घडला, तो त्या काळच्या वर्णव्यवस्थेवर लख्ख प्रकाश टाकतो. कोल पोर्टर या गीतकार-संगीतकाराची ‘द न्यूयॉर्कर्स’ ही संगीतिका डिसेंबर १९३० मध्ये ब्रॉडवेवर आली. तीत ‘लव्ह फॉर सेल’ हे गाणे होते. रस्त्यावर उभी राहून आपले प्रेम विकायला काढणाऱ्या एका तरुणीचे हे मनोगत. कॅथरिन क्रॉफर्ड ही गौरवर्णीय अभिनेत्री ते एका प्रसिद्ध उपाहारगृहासमोरील दृश्यात गात असे. समीक्षकांनी त्यावर अभिरुचिहीनतेचा ठपका ठेवला. निर्मात्यांनी गाणे वगळले नाही, शब्दही बदलले नाहीत. त्यांनी दृश्य उचलून हार्लेममधील ‘कॉटन क्लब’समोर नेऊन ठेवले आणि गाण्यासाठी एलिझाबेथ वेल्च यांना घेतले. आक्षेप बऱ्याच अंशी शमला. जे एका गोऱ्या मुलीच्या तोंडी असभ्य वाटत होते, ते कृष्णवर्णीय गायिकेच्या तोंडी स्वाभाविक ठरले.

या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहता येते. वेल्च यांच्या दृष्टीने ही मोठी संधी होती आणि तिचे त्यांनी सोने केले. त्यांनी ते गाणे हपापलेपणाने वा भडकपणे न गाता थकलेल्या, सगळे समजून चुकलेल्या स्त्रीच्या स्वरात गायिले आणि आयुष्यभर त्या ते गात राहिल्या. परंतु संधी ज्या गृहीतकातून मिळाली, ते गृहीतक अपमानास्पद होते, हेही नाकारता येत नाही. गाणे रंगमंचावर तरले, तरी अमेरिकी नभोवाणीवर त्याचे शब्द दीर्घकाळ निषिद्ध होते. केवळ धून वाजवायची मुभा असे.

लंडनमधील आगमन

पोर्टर यांनी पॅरिसमध्ये वेल्च यांना ऐकले होते. ‘निम्फ एरंट’ या आपल्या नव्या संगीतिकेसाठी त्यांनी त्यांना लंडनला बोलावले. निर्माते होते सी. बी. कॉक्रन, त्या काळच्या लंडनमधील सर्वांत नामांकित नाट्यव्यावसायिक. प्रयोगाला अवकाश असल्याने मधल्या काळात वेल्च यांनी १९३३ च्या उन्हाळ्यात लेस्टर स्क्वेअर थिएटरमध्ये ‘डार्क डूइंग्ज’ या कार्यक्रमात भाग घेतला. तेथे त्यांनी ‘स्टॉर्मी वेदर’ हे गाणे ब्रिटिश श्रोत्यांपुढे प्रथम सादर केले. हॅरॉल्ड आर्लेन यांचे संगीत व टेड केलर यांचे शब्द असलेले हे गाणे त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एथेल वॉटर्स यांनी गाजवले होते. हे गाणे पुढे वेल्च यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

ऑक्टोबर १९३३ मध्ये ॲडेल्फी थिएटरला ‘निम्फ एरंट’चा पहिला प्रयोग झाला. नायिकेच्या भूमिकेत गर्ट्रूड लॉरेन्स होत्या. एक इंग्रज तरुणी युरोपभर भ्रमंती करते आणि अनेक पुरुषांच्या सहवासात येऊनही कोरडीच परतते, असे हे मिस्कील कथानक. त्यात तुर्कस्तानातील एका जनानखान्याचे दृश्य आहे आणि त्या दृश्यात वेल्च यांनी ‘सॉलोमन’ हे गाणे म्हटले. हजार राण्यांच्या राजाची कथा सांगणारे, पौर्वात्य वळणाच्या सुरावटीचे हे गाणे पोर्टर यांनी त्यांच्यासाठीच लिहिले होते. कथानकाशी त्याचा संबंध बेताचाच. तरीही समीक्षकांनी व प्रेक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवलेल्या क्षणांत या गाण्याची गणना होऊ लागली.

येथूनच वेल्च यांच्या रंगमंचीय जीवनाचा साचा ठरला. १९३५ मध्ये ड्र्युरी लेन या ऐतिहासिक नाट्यगृहात आयव्हर नॉव्हेलो यांची ‘ग्लॅमरस नाइट’ ही संगीतिका आली. राजा, जिप्सी, बंड, समुद्रात बुडणारे जहाज असा सारा मसाला तीत होता आणि प्रमुख गायिका होत्या मेरी एलिस. त्या जहाजावर चोरून चढलेल्या एका कृष्णवर्णीय गायिकेची भूमिका वेल्च यांना देण्यात आली. जहाजावरील मेळाव्यात ती गाते. तिकीट न काढता जहाजात शिरलेली, कोणाच्याही कथेत नसलेली आणि तरीही गाण्यापुरती सर्वांना हवी असलेली ही व्यक्तिरेखा पाहिली की, नाटककाराने नकळत या गायिकेच्या ब्रिटिश रंगभूमीवरील स्थानाचेच वर्णन केले आहे असे वाटते. नॉव्हेलो यांना वेल्च यांच्याविषयी मनापासून आदर होता आणि १९४३ मध्ये ‘आर्क द ट्रिऑम्फ’ या संगीतिकेतही त्यांनी त्यांना घेतले, हे मात्र नोंदवले पाहिजे. दोष व्यक्तीचा नसून त्या काळच्या नाट्यरचनेचा होता. नायिका कृष्णवर्णीय असू शकते ही कल्पनाच त्या रचनेत बसत नव्हती.

नभोवाणी आणि ध्वनिक्षेपक

वेल्च यांना घराघरांत पोहोचवले ते बीबीसीने. १९३४ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सॉफ्ट लाइट्‌स अँड स्वीट म्युझिक’ या नभोवाणी मालिकेत त्या नियमित गाऊ लागल्या. या यशामागील एक तांत्रिक कारण समजून घेणे उपयुक्त ठरेल. संगीतगृहांच्या जुन्या परंपरेत गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. त्यामुळे स्वर ताणणे, शब्द ठासून म्हणणे हे अपरिहार्य होते. विद्युत ध्वनिक्षेपक आल्यावर कुजबुजीलाही मूल्य प्राप्त झाले. कॅबरेतील दहा-वीस टेबलांसाठी घडलेली शैली आता लक्षावधी घरांतील श्रोत्याला, जणू त्याच्या शेजारी बसून, ऐकवता येऊ लागली. वेल्च यांचा संयत आवाज या यंत्राला अतिशय मानवला. नभोवाणीवर त्वचेचा रंग दिसत नसे, हाही एक भाग आहेच. बीबीसीच्या प्रारंभीच्या दूरचित्रवाणीवरही, म्हणजे युद्धापूर्वीच्या अलेक्झांड्रा पॅलेसच्या दिवसांत, त्यांचे कार्यक्रम झाले.

त्यांना ‘जॅझ गायिका’ किंवा ‘ब्ल्यूज गायिका’ म्हटलेले आवडत नसे. कृष्णवर्णीय स्त्री गाते म्हणजे ती ब्ल्यूजच गात असणार, असा सर्वसाधारण समज होता आणि त्याला त्या ठामपणे विरोध करीत. आपण केवळ गाणी गातो, चांगले शब्द असलेली लोकप्रिय गाणी गातो, असे त्यांचे सांगणे असे. ही भूमिका काहींना अती सौम्य, वर्णलढ्यापासून अंग चोरणारी वाटू शकेल. पण ज्या काळात कलावंताला एका खणात बसवूनच विकले जात होते, त्या काळात खण नाकारणे हीदेखील एक प्रकारची ठाम भूमिका होती.

चित्रपट : रोबसन यांच्यासमवेत

चित्रपटातील त्यांचे पहिले दर्शन १९३४ च्या ‘डेथ ॲट ब्रॉडकास्टिंग हाउस’ या रहस्यपटात एका गाण्यापुरते घडले. पण १९३६ व १९३७ या दोन वर्षांत त्यांना अभिनयाची खरी संधी मिळाली. ‘साँग ऑफ फ्रीडम’ व ‘बिग फेला’ हे ते दोन चित्रपट, दोहोंत नायक पॉल रोबसन आणि दोहोंचे दिग्दर्शक जे. एल्डर विल्स.

‘साँग ऑफ फ्रीडम’मध्ये रोबसन हे लंडनच्या गोदीतील कामगार झाले आहेत. त्याचा आवाज एका संगीतज्ञाच्या कानी पडतो, तो मोठा गायक होतो आणि पुढे आपण आफ्रिकेतील एका बेटाच्या राजवंशातील आहोत हे त्याला उमगते. कथानकाचा उत्तरार्ध आज भाबडा वाटतो. पूर्वार्ध मात्र मोलाचा आहे. लंडनच्या गोदीलगतच्या सामान्य घरात राहणारे एक कृष्णवर्णीय जोडपे त्यात दिसते. ते एकमेकांची थट्टा करते, स्वप्ने पाहते आणि शेजाऱ्यांत मिळूनमिसळून राहते. पत्नीच्या भूमिकेतील वेल्च यांचा अभिनय अत्यंत सहज आहे. त्या काळच्या चित्रपटांत कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे मोलकरीण किंवा मोहिनी, हे दोनच पर्याय असत. येथे ती केवळ पत्नी आहे आणि हे ‘केवळ’ त्या काळात दुर्मीळ होते. मार्सेय बंदरात घडणाऱ्या ‘बिग फेला’मध्ये त्या कॅफेतील गायिका आहेत. रोबसन यांच्या पत्नी एस्लांडा यांनीही त्यात भूमिका केली आहे.

यानंतरचा त्यांचा स्मरणीय चित्रपट म्हणजे ईलिंग स्टुडिओचा ‘डेड ऑफ नाइट’ (१९४५). पाच भयकथांच्या या गुंफणीत, बोलक्या बाहुल्याच्या कथेत, वेल्च यांनी पॅरिसमधील एका नाइटक्लबच्या मालकिणीची भूमिका केली आहे. कॅव्हलकँटी यांनी दिग्दर्शित केलेला हा भाग जगभरच्या भयपटांच्या अभ्यासात नेहमी उल्लेखला जातो. भूमिका लहान असली तरी येथे ती दुसऱ्याच्या दालनात गाणारी गायिका नसून दालनाची धनीण आहे, हा फरक नजरेत भरतो.

युद्धकाळ

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेला परतणे त्यांना शक्य होते. त्या लंडनमध्येच राहिल्या. कॅबरेच्या जगाला युद्धाचा तडाखा थेट बसला. लंडनचे सर्वांत प्रसिद्ध कॅबरे-दालन ‘कॅफे द पारी’ हे तळघरात असल्याने सुरक्षित मानले जाई. ८ मार्च १९४१ रोजी बॉम्ब तेथवर पोहोचला. वाद्यवृंदाचे कृष्णवर्णीय प्रमुख केन ‘स्नेकहिप्स’ जॉन्सन यांच्यासह तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

वेल्च या काळात नाटकांतून काम करीत होत्या. ‘नो टाइम फॉर कॉमेडी’ (१९४१) या गद्य नाटकात व ‘स्काय हाय’ (१९४२) या रिव्ह्यूत त्यांच्या भूमिका होत्या. सैनिकांच्या करमणुकीसाठीही त्या जात. १९४२ च्या अखेरीस जॉन गिलगुड यांच्या मंडळीबरोबर त्या जिब्राल्टरला गेल्या. त्या चमूत ईडिथ एव्हन्स, बीट्रिस लिली, मायकेल वाइल्डिंग अशी त्या काळची मोठी नावे होती.

या कौतुकाच्या दुसऱ्या बाजूचाही उल्लेख आवश्यक आहे. ज्या लंडनमध्ये वेल्च यांच्या गाण्याला टाळ्या पडत होत्या, त्याच लंडनमध्ये १९४३ साली वेस्ट इंडीजचे थोर क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना त्यांच्या वर्णामुळे इंपीरियल हॉटेलने ठेवून घेण्यास नकार दिला. त्यांनी न्यायालयात दाद मागितली व १९४४ मध्ये खटला जिंकला. हॉटेलच्या रंगमंचावर कृष्णवर्णीय गायिका चालते, खोलीत कृष्णवर्णीय पाहुणा चालत नाही, अशा दुटप्पी समाजात वेल्च यांनी आपले स्थान टिकवले होते.

रिव्ह्यूचे दिवस

युद्धोत्तर काळात लंडनमध्ये ‘इंटिमेट रिव्ह्यू’ हा प्रकार बहरला. मोठे नेपथ्य व नर्तकवृंद टाळून, पाच-सहा कसलेल्या कलावंतांनी छोटी प्रहसने, विडंबने व गाणी सादर करावीत, असे त्याचे स्वरूप. कॅबरेचाच हा नाट्यगृहातील अवतार. लॉरियर लिस्टर यांनी रचलेल्या ‘टपन्स कलर्ड’ (१९४७), ‘ऑरेंजेस अँड लेमन्स’ (१९४८) आणि ‘पेनी प्लेन’ (१९५१) या तीन रिव्ह्यूंत वेल्च होत्या. यांतील दोन नावे जुन्या इंग्लंडमधील कागदी खेळण्यांच्या रंगभूमीवरून आली आहेत. तिची पात्रे छापलेला कागद साधा हवा असल्यास एक पेनी आणि रंगवलेला हवा असल्यास दोन पेन्स असा भाव असे. जॉइस ग्रेनफेल व मॅक्स एड्रियन हे त्यांचे सहकलाकार. ‘टपन्स कलर्ड’मध्ये वेल्च यांनी ‘ला व्हि आँ रोझ’ हे एदित पिआफ यांनी अजरामर केलेले फ्रेंच गाणे लंडनच्या प्रेक्षकांना ऐकवले. पॅरिसमधील दिवस येथे कामी आले.

१९५९ मध्ये ‘द क्रुकेड माइल’ या सोहोतील जीवनावर आधारलेल्या संगीतिकेत त्यांना अखेर भरीव भूमिका लाभली. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. १९६२ चे ‘सिंडी-एला’ हे सिंड्रेलाच्या कथेचे कृष्णवर्णीय रूप होते. त्यात क्लिओ लेन, साय ग्रँट व जॉर्ज ब्राउन यांच्यासह त्या होत्या. अवघ्या चार कलावंतांनी साकारलेला हा प्रयोग. मात्र रॉक संगीताच्या लाटेत जुन्या शैलीच्या गायनाला उतरती कळा लागली होती आणि वेल्च यांचे काम पुढील काही वर्षे नभोवाणी, दूरचित्रवाणी व तुरळक प्रयोगांपुरते राहिले.

उत्तरायुष्यातील पुनरागमन

१९७३ मध्ये बॉब फॉसी यांनी दिग्दर्शित केलेली ‘पिपिन’ ही संगीतिका लंडनला आली. तीत वेल्च यांनी नायकाच्या आजीची भूमिका केली. एकच प्रवेश आणि एकच गाणे, म्हणजे तोच जुना साचा. पण आता त्याचा अर्थ पालटला होता. आयुष्य झपाट्याने सरते आहे, तेव्हा जगून घे, असे नातवाला सांगणाऱ्या एकोणसत्तर वर्षांच्या गायिकेला साचा बांधू शकत नव्हता.

डेरेक जार्मन यांच्या ‘द टेम्पेस्ट’ (१९७९) या चित्रपटाचा येथे सविस्तर उल्लेख हवा. शेक्सपियरच्या नाटकाचे हे स्वैर रूपांतर. त्यातील बराचसा भाग वॉरिकशरमधील स्टोनली ॲबे या जुन्या वास्तूत अंधाऱ्या, निळसर प्रकाशात चित्रित केलेला. मूळ नाटकात मिरांडा व फर्डिनंड यांच्या वाग्दानप्रसंगी देवता अवतरतात व आशीर्वाद देतात. जार्मन यांनी तेथे आधी खलाशांचा एक खेळकर नाच घातला आणि मग सोनेरी वेशातील देवतेच्या रूपात एलिझाबेथ वेल्च यांना आणले. त्या खलाशांच्या रांगांमधून सावकाश चालत येतात आणि ‘स्टॉर्मी वेदर’ गातात. नाटकाचे नावच वादळ असल्याने गाण्याच्या निवडीत विनोद आहे, हे उघड आहे. पण पडद्यावर तो विनोद फार वेळ टिकत नाही. सेहेचाळीस वर्षांपूर्वी लंडनला आणलेले हे विरहगीत त्या अशा समजुतीने गातात की संपूर्ण चित्रपटातील सूड, कैद व क्षमा त्या काही मिनिटांत येऊन मिळतात. येथेही त्यांना एकच प्रवेश आहे. पण तो प्रवेश काढून टाकला, तर चित्रपटाचा तोल ढळेल. ‘ग्लॅमरस नाइट’मधील जहाजावर चोरून चढलेली स्त्री आणि ही देवता यांत अंतर आहे ते चव्वेचाळीस वर्षांचे.

१९८५ मध्ये लंडनच्या डॉनमार वेअरहाउस या छोट्या नाट्यगृहात, जेरोम कर्न यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, ‘कर्न गोज टु हॉलिवूड’ हा कार्यक्रम झाला. जानेवारी १९८६ मध्ये तो ब्रॉडवेवर गेला. व्यावसायिकदृष्ट्या तो अपयशी ठरला व तेरा प्रयोगांनंतर बंद पडला. पण ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे नाट्यसमीक्षक फ्रँक रिच यांनी, या गायिकेला आता देशाबाहेर जाऊ देऊ नये अशा आशयाचे, अर्धे थट्टेचे व अर्धे गंभीर लिखाण केले. त्या वर्षीच्या टोनी पुरस्कारासाठी त्यांना नामांकन मिळाले. १९३१ मध्ये ज्या ब्रॉडवेने त्यांना हार्लेमच्या पडद्यापुढे उभे केले होते, त्याच ब्रॉडवेवर त्या आता कोणत्याही पडद्याची सबब न घेता गात होत्या. काही आठवड्यांतच ऑफ-ब्रॉडवेवरील लुसिल लॉर्टेल थिएटरमध्ये त्यांचा ‘टाइम टु स्टार्ट लिव्हिंग’ हा एकपात्री कार्यक्रम झाला. तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या.

त्या लंडनलाच परतल्या. अखेरची वर्षे त्यांनी नॉर्थवुड येथील डेनव्हिल हॉल या वृद्ध कलावंतांच्या निवासात काढली आणि तेथेच १५ जुलै २००३ रोजी, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. स्टीफन बोर्न यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला नाव दिले आहे ते त्या जुन्या नभोवाणी मालिकेचे. २०१२ च्या फेब्रुवारीत इंग्लिश हेरिटेज या संस्थेने लंडनच्या केन्सिंग्टन भागातील ओव्हिंग्टन कोर्ट या इमारतीवर त्यांच्या नावाची निळी पाटी बसवली. ‘सॉलोमन’, ‘ग्लॅमरस नाइट’ व ‘साँग ऑफ फ्रीडम’ या काळात, १९३३ ते १९३६, त्या तेथे राहत होत्या.